नळीभोवती बोटभर जागा

मुलीने भिंतीवर तळहात टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, ही ओली आहे."

"दमट असेल जरा," मी म्हणालो. "खोली बंद होती ना इतके दिवस."

"दमट नाही. ओली आहे." तिने हात माझ्यापुढे धरला. बोटांना रंगाचा पांढरा लगदा लागला होता.

नातू बाहेर पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होता. तो सहा वर्षांचा आहे आणि त्याला दमा आहे. चार दिवस राहायचं म्हणून दोघं आली होती. त्याने स्वतःची उशीसुद्धा आणली होती. मुलगी बाहेर गेली आणि त्याला म्हणाली, "बूट काढू नकोस. आपल्याला परत जायचंय."

"आत्ताच तर आलो," तो म्हणाला.

"बैठकीत झोपा," मी म्हणालो. "मी गादी घालतो खाली."

"वास बैठकीतही येतो, बाबा. तुम्हाला येत नाही, कारण तुम्ही त्यातच राहता." मग तिने बोटं रुमालाला पुसली. "मी आईला दहा वर्षं सांगत होते. ती म्हणायची, होईल, ते करतील. आता मी तुम्हाला सांगते. खोली कोरडी झाली की कळवा. तोपर्यंत मी याला इथे आणणार नाही. तुम्हाला नातू बघायचा असेल तर तुम्ही आमच्याकडे या."

चहा पिऊन संध्याकाळच्या बसने ती दोघं गेली. नातवाने बसच्या खिडकीतून हात केला. उशी त्याच्या मांडीवर होती.

मी गवंडी आहे. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधली. लोक मला मिस्त्री म्हणतात, अजूनही म्हणतात. आणि माझ्याच घराची मागची खोली बारा वर्षं गळत होती.

घर असं आहे की बैठकीत लोखंडी शेगडी आहे, थंडीत लाकडं जाळायची. तिचं धुराडं मागच्या खोलीच्या भिंतीतून वर छपराबाहेर जातं. बाहेरून विटा, आत भाजलेल्या मातीची नळी. सगळ्यात वर विटांवर पाऊस पडू नये म्हणून सिमेंटची टोपी करतात, मधून नळीचं तोंड थोडं बाहेर ठेवून. घर बांधलं तेव्हा ही टोपी मी स्वतः घातली. दिवस संपत आला होता, गिलाव्याचा माल उरला होता, तो वाया जाऊ नये म्हणून वर नेला आणि नळीला घट्ट लावून सपाट थापून टाकला. दुसऱ्याच थंडीत तिला भेग पडली.

भेग का पडते ते मला माहीत होतं. शेगडी पेटली की नळी तापते, फुगते. सिमेंट फुगत नाही. नळीला चिकटवलेली टोपी मग फुटणारच. तिच्याभोवती बोटभर जागा सोडायची असते आणि ती जागा मऊ लेपाने भरायची असते. हे मला उंटाने सांगितलं होतं.

उंट म्हणजे माझ्या हाताखाली नऊ वर्षं काम केलेला माणूस. फार उंच, मान पुढे काढून चालायचा, म्हणून मीच त्याला उंट म्हणायला लागलो आणि मग सगळेच म्हणायला लागले. दुपारी तो आमच्याकडेच जेवायचा. आमची ही त्याला वाढताना म्हणायची, "तुला उभ्यानेच वाढायला हवं रे, बसलास तरी डोकं माझ्या खांद्याला लागतं." मुलगी त्याला उंटदादा म्हणायची. तिला सायकल त्याने शिकवली, मी नाही.

ज्या वर्षी माझं घर झालं त्याच वर्षी आम्ही एका वकिलाच्या घराचं धुराडं बांधत होतो. मी टोपी थापत होतो आणि वकील खाली उभे राहून बघत होते. उंट म्हणाला, "मिस्त्री, नळीभोवती जागा सोडूया. नाहीतर फुटेल." हळू बोलला नाही. त्याला हळू बोलता येतच नव्हतं. वकिलांनी वर बघून विचारलं, "फुटेल म्हणजे?"

मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला नुसती उंची दिली देवाने. उतर खाली."

तो उतरला. थापी पाटीत ठेवली, हात धुतले आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतर कधीच आला नाही. त्याने स्वतःचं काम सुरू केलं आणि ते चांगलं चाललं. वकिलांचं धुराडं त्यानेच पुढे दुरुस्त केलं, असं मी ऐकलं.

तर माझी टोपी फुटली तेव्हा ती नीट करायची म्हणजे उंट म्हणाला तशी करायची. मी नाही केली. मी कौलांना दोष दिला. कौलं बदलली. मग धुराडं छपराला जिथे मिळतं तिथल्या पत्र्याला दोष दिला. पत्रा बदलला. तरी पाणी यायचंच. मग दरवर्षी पाऊस ओसरला की मी वर चढायचो आणि भेगेवर सिमेंटचं पाणी फासून यायचो. थंडीत शेगडी पेटली की ती परत उघडायची.

ही मागच्या खोलीत शिवणकाम करायची, कारण तिथे उजेड चांगला. आधी मशीन भिंतीपासून हातभर पुढे आलं, मग खोलीच्या मधोमध आलं. भिंतीला तिने कपाट लावलं, त्याची मागची फळी कुजली. दरवर्षी ती स्वतः रंग द्यायची. शिवायला कपडे घेऊन आलेल्या बायका विचारायच्या, "अगं बाई, ही भिंत अशी कशी?" तर ती म्हणायची, "तिला सर्दी होते. माणसांना होते, तशी भिंतींना पण होते." सगळ्या हसायच्या. एकदा एक जण म्हणाली, "मिस्त्रींच्या घरात गळतं की काय?" तेव्हा ही पटकन म्हणाली, "छे, छे. मीच ओले कपडे वाळत घालते तिथे. ऐकतच नाही मी यांचं." मी दाराशीच होतो. ऐकलं आणि चप्पल घालून बाहेर गेलो.

मला ती कधी रागावून बोलली नाही. वर्षातून एकदा दोनदा विचारायची, "या वर्षी जमेल का हो?" मी म्हणायचो, बघतो.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. हृदय बंद पडलं. डॉक्टरांना मी विचारलं, ओल्या खोलीत बसण्याचा काही संबंध असेल का. ते म्हणाले, काही संबंध नाही. पुढच्या आठवड्यात कागद आणायला गेलो तेव्हा मी परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं.

ती गेल्यावर महिन्याभराने मी सवयीने वर चढलो आणि परत भेगेवर सिमेंट फासून आलो. शेजारी पोस्टमन राहतात, निवृत्त आहेत, शिडी त्यांची. ते शिडी धरून उभे होते. म्हणाले, "मिस्त्री, मला विचारलंत ते ठीक, पण गुडघ्यांना विचारलंत का?" मी म्हणालो, गुडघे काय म्हणतात ते मला ऐकू येत नाही. उतरताना मात्र ते चांगलं ऐकू आलं. शेवटच्या चार पायऱ्या मी बसत बसत उतरलो.

तीच भिंत मुलीला ओली लागली.

मुलगी परत गेल्यावर दोन दिवस मी काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली आणि उंटाकडे गेलो. फोन करता आला असता. नंबर त्याच्या गोदामाच्या पाटीवर लिहिलेला आहे, सगळ्या गावाला पाठ आहे. पण फोनवर मी काहीतरी भलतंच बोलून ठेवून दिला असता, हे मला माहीत होतं.

त्याचं गोदाम मोठं आहे. पुढे टेबल, मागे वाळू, विटा, पाइप. तो वाळू चाळून घेत होता. केस पांढरे झालेत, मान तशीच पुढे. मला बघून त्याने कामगाराला थांबायला सांगितलं, हात पुसले आणि खुर्ची पुढे केली.

"बसा, मिस्त्री."

मी बसलो. तो उभाच राहिला. काय बोलायचं ते मी रस्त्यात ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"धुराड्याची टोपी फुटलीय," मी म्हणालो.

"कोणाकडची?"

"माझी."

त्याने हात परत एकदा पुसले. मग म्हणाला, "कोणी घातली होती?"

त्याला माहीत होतं. घर बांधलं तेव्हा विटा त्यानेच वर चढवल्या होत्या. टोपीच्या दिवशी तेवढा तो सुट्टीवर होता. तरी त्याने विचारलं, आणि ते बरोबर होतं.

"मी घातली."

"नळीला चिकटवून?"

"हो. तू वकिलाकडे सांगितलंस ते खरं होतं. मला तेव्हाही माहीत होतं."

तो हसला नाही. हसला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने टेबलावरची वही उघडली, बंद केली. म्हणाला, "बुधवारी येतो. दोन कोरडे दिवस पाहिजेत. बुधवार, गुरुवार ठीक दिसतायत."

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा तो म्हणाला, "मिस्त्री, माझी माणसं दुसरीकडे लागलीयत. माल कोण कालवणार?"

"मी कालवतो," मी म्हणालो.

बुधवारी सकाळी तो आला. पोस्टमन शिडी घेऊन कुंपणाशी तयारच होते. उंटाने शिडीकडे बघितलं, स्वतःकडे बघितलं. पोस्टमन म्हणाले, "तुम्हाला शिडी लागते? मला वाटलं नुसता हात वर केला की झालं."

"झालं असतं," उंट म्हणाला, "पण मिस्त्रींनी घर उंच बांधलंय."

तो वर गेला आणि छिन्नी-हातोडीने टोपी फोडायला लागला. मी खाली दोर धरून. तुकडे तो पाटीत भरून खाली सोडत होता आणि मी ते अंगणात ओतत होतो. थोड्या वेळाने आवाज थांबला. त्याने हाक मारली, "मिस्त्री, हे बघा." पाटीत एकच मोठा तुकडा होता. मी तो उचलला. जिथे फुटला होता तिथे थर दिसत होते, एकावर एक, कागदाएवढे पातळ, काही करडे, काही जरा पिवळट, जशी ज्या वर्षीची वाळू असेल तसे. मी मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती. प्रत्येक थर म्हणजे पोस्टमनची शिडी आणि एक वर्ष.

"किती वेळा चढलात हो तुम्ही," उंट वरून म्हणाला. टोमणा नव्हता. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

टोपी निघाल्यावर त्याने वरच्या ओळीतल्या सैल झालेल्या विटा काढून परत बसवल्या. मग फळ्यांचा चौकोनी फर्मा केला, विटांच्या बाहेर दोन बोटं येईल असा, आणि खालच्या फळीला कडेने गोल पट्टी मारली. त्या पट्टीने टोपीच्या कडेखाली खाच पडते. पाणी खाचेपर्यंत येतं आणि तिथून खाली टपकतं, विटेला लागत नाही. हे मला येत होतं. दुसऱ्यांच्या घरांना मी ते केलंही आहे. नळीभोवती त्याने बोटाएवढा जाड दोर गुंडाळला.

मी खाली माल कालवत होतो. चाळीस वर्षांत मी माल कालवला नव्हता, कालवून घेतला होता. पहिली बादली वर गेली आणि लगेच खाली आली.

"पातळ आहे, मिस्त्री."

"पातळ नाही."

"वर या आणि बघा."

मी वर जाऊ शकत नव्हतो, हे त्यालाही माहीत होतं. मी त्यात कोरडा माल घातला आणि परत कालवला. दुसऱ्या वेळी बादली खाली आली नाही. नळीकडून कडेकडे उतार देत त्याने टोपी घातली. खालून मला फक्त त्याचा कोपर दिसत होता, मागे-पुढे होणारा. माझ्यापेक्षा चांगला हात होता. तो कधी एवढा चांगला झाला ते मला कळलं नव्हतं. मी तेव्हा त्याच्याशी बोलत नव्हतो.

दुपारी तो खाली आला. मी जेवण केलं होतं, जसं मला जमतं तसं. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. तो नेहमीच्या जागी बसला, भिंतीकडे पाठ करून, आणि मग त्याला काय वाटलं कोण जाणे, उठून दुसऱ्या खुर्चीवर बसला.

"काकू आल्या होत्या माझ्याकडे," तो म्हणाला.

"कधी?"

"झाली सहा-सात वर्षं. गोदामात आल्या होत्या. म्हणाल्या, तू केलंस तर किती वेळ लागेल? मी म्हटलं, दीड दिवस, मिस्त्री बाहेरगावी जातील तेव्हा सांगा. त्या म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात जाणार आहेत, लग्नाला."

मला ते लग्न आठवलं. हिच्या मावसभावाच्या मुलाचं. ती म्हणाली होती, मला शिवण आहे, तुम्ही जाऊन या.

"मग?"

"मी सगळं सामान तयार ठेवलं. आदल्या दिवशी त्या परत आल्या. म्हणाल्या, राहू दे. मी म्हटलं, का? त्यांना कळणार नाही, मी जुन्यासारखी दिसेल अशी करतो. तर म्हणाल्या, कळेल. पाऊस पडेल आणि गळणार नाही, म्हणजे कळेलच. आणि मग ते आयुष्यभर मला विचारणार नाहीत आणि मी सांगणार नाही. त्यापेक्षा गळू दे. ते स्वतः बोलावतील तुला. त्यांनी बोलावलं की लगेच ये." त्याने पाण्याचा ग्लास हातात फिरवला. "मी आलो असतो, मिस्त्री. कधीही. मी वाट बघत होतो."

मी भात वाढायला उठलो. पातेल्यात भात नव्हता, संपला होता. मी तसाच पाठ करून उभा राहिलो.

"काकूंना नेलं त्या दिवशी मी आलो होतो," तो म्हणाला. "मागे उभा होतो. तुम्हाला दिसलो नसेन."

मला दिसला होता. एवढा उंच माणूस न दिसायला काय झालं. मी बघितलं आणि मान फिरवली होती. तेही मी त्याला तेव्हा सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे," आणि ताट उचलून धुवायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टोपी आवळून कडक झाली होती. त्याने फर्मा सोडला, दोर काढून घेतला आणि नळीभोवतीच्या जागेत उष्णता सोसणारा रबरासारखा लेप भरला. वर ओलं गोणपाट पसरलं, नळीचं तोंड मोकळं ठेवून. सांगून गेला की आठवडाभर गोणपाट वाळू द्यायचं नाही आणि शेगडी महिनाभर पेटवायची नाही. गोणपाटावर पाणी मारायला तो रोज सकाळी कामावर जाताना येऊन जायचा. पहिल्या दिवशी मी म्हणालो, पोस्टमनना सांगतो, तू कशाला येतोस. तो म्हणाला, "पोस्टमनना वर चढवलं तर ते पत्र टाकूनच खाली येतील."

तीन आठवड्यांनी दोन दिवस सलग पाऊस पडला. मी मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. भिंतीचा जुना गिलावा मी तोपर्यंत खरवडून काढला होता, विटा उघड्या होत्या. पहिल्या दिवशी दर तासाला उठून बघत होतो. दुसऱ्या दिवशी उठलो नाही. पाणी येणार नव्हतं. हिचं बरोबर होतं, पाऊस पडला आणि गळलं नाही म्हणजे कळतंच. खोलीत एवढी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. बारा वर्षं त्या खोलीत पावसात टपटप होती आणि ही तिच्या शेजारी बसून मशीन चालवत होती.

भिंत पूर्ण वाळायला दीड महिना गेला. मग मी गिलावा केला, तो वाळू दिला, रंग दिला. हे काम मी कोणाला दिलं नाही. गुडघ्यांना जमेल तेवढं उभं राहून, बाकीचं स्टुलावर बसून. वास गेला का ते मला कळत नव्हतं, म्हणून पोस्टमनना बोलावलं. ते खोलीच्या चारही कोपऱ्यांत जाऊन हुंगून आले आणि म्हणाले, "रंगाचा येतोय. दुसरा नाही."

आणखी आठवडा थांबून मी मुलीला फोन केला.

"खोली कोरडी झाली," मी म्हणालो.

"नक्की?"

"दोनदा मोठा पाऊस झाला. काही नाही."

"कोणी केलं?"

"उंटाने. मी माल कालवला."

"उंटदादा आला होता?"

"मी गेलो होतो त्याच्याकडे."

"किती दिवस लागले?"

भिंत वाळायला दीड महिना लागला, असं सांगता आलं असतं. ते खोटं नव्हतं. गिलावा, रंग धरून दोन महिने म्हणता आले असते.

"दीड दिवस," मी म्हणालो.

मागे नातू काहीतरी विचारत होता, कोणाचा फोन, कोणाचा फोन, आणि ती त्यालाही उत्तर देत नव्हती.

"दीड दिवस," ती म्हणाली.

ती रडत असेल असं मला वाटलं, पण नंतर बोलली तेव्हा आवाज साधाच होता. "शनिवारी येतो आम्ही. त्याच्या खाटेचं काय?"

"मागच्या खोलीत लावतो. भिंतीला टेकवून, म्हणजे तो पडणार नाही."

"खिडकीकडे लावा, बाबा. त्या भिंतीपासून लांब."

"भिंत कोरडी आहे."

"माहीत आहे. तरी लांब लावा."

मी फोन ठेवला आणि खाट खिडकीकडे ओढून घेतली.